घोड्याच्या गुडघ्याखालचे सांधे: फेटलॉकच्या मागची मऊ सूज आणि दौडीत जमिनीकडे झुकणारा पाय

माळरान (सोलापूर) यांचा प्रश्न:

नमस्कार. माझ्याकडे मध्यम वयाची एक मारवाडी घोडी आहे. ती अकलूजच्या घोडेबाजारातून घेतलेली असून सध्या होटगीच्या बाजूला आमच्या शेतावर असते. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या पुढच्या दोन्ही पायांत, खुराच्या वर जो ठळक सांधा दिसतो त्याच्या किंचित वर आणि मागच्या बाजूला, मऊ फुगवटा दिसू लागला आहे. बोटाने दाबला तर तो दबतो आणि पायाच्या दुसऱ्या बाजूने वर आल्यासारखा वाटतो. सकाळी तबेल्यातून बाहेर काढताना तो जास्त असतो आणि फेरफटका झाला की बराच उतरतो. घोडी लंगडत नाही, पाय गरम लागत नाही, दाबल्यावर ती पाय काढूनही घेत नाही.

शेतावर येणारी जाणती मंडळी वेगवेगळे सांगतात. एकाच्या मते हाड सरकले आहे, दुसऱ्याच्या मते नस दुखावली आहे आणि दोघांचाही सल्ला तापल्या लोखंडाने डाग देण्याचा आहे. मला डाग द्यायचा नाही. परंतु नकार देण्याआधी त्या जागी कातडीखाली नेमके काय आहे, कोणते हाड कोणत्या हाडाला कशाने बांधलेले आहे, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

याला जोडूनच दुसरी शंका आहे. पुरंदावड्याच्या गोल रिंगणातली छायाचित्रे पाहताना असे दिसले की, धावणाऱ्या अश्वाचा पुढचा पाय जमिनीवर असताना हाच सांधा इतका खाली जातो की त्याची मागची बाजू मातीला टेकेल की काय असे वाटावे. हे नैसर्गिक आहे की पाय कमजोर असल्याचे लक्षण आहे? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

पशुवैद्य_बार्शी यांचे उत्तर:

आपण डाग देण्याआधी थांबलात, हे फार चांगले केलेत. आपल्या वर्णनावरून घोडीचे हाड सरकलेले नाही, एवढे आधी सांगतो, कारण या भागात हाड जागेवरून हलले असते तर ती त्या पायावर उभीच राहिली नसती. आता रचनेकडे येतो. ती समजली की सुजेचा अर्थ आपल्याला स्वतःच्या बोटांनी वाचता येईल.

पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो तो रचनेच्या दृष्टीने माणसाच्या मनगटाच्या जागी आहे. दोन ओळींत मांडलेल्या सात किंवा आठ लहान हाडांचा तो बनलेला असतो. त्याच्या खाली जे काही आहे ते सगळे आपल्या तळहाताच्या आणि मधल्या बोटाच्या हाडांशी जुळते. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, तेही बोटाच्या टोकावर, उभा असतो आणि त्या बोटाचे नख म्हणजे खूर. गुडघ्याखालची लांब नळी हे तळहातातले मधले हाड आहे. तिच्या मागे दोन्ही बाजूंना पेन्सिलसारखी निमुळती होत गेलेली जी दोन हाडे बोटाला लागतात, ती शेजारच्या बोटांच्या तळहाताकडील हाडांचे अवशेष आहेत आणि ती खालच्या सांध्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

नळीच्या खालच्या टोकाशी आपण विचारलेला सांधा आहे. त्याला फेटलॉक म्हणतात. वरून नळी, खालून पास्टर्नचे, म्हणजे फेटलॉक आणि खूर यांच्यामधल्या उतरत्या भागाचे, पहिले लांबट हाड आणि मागच्या बाजूने शेजारी शेजारी बसलेली सेसमॉइड नावाची दोन लहान हाडे अशी चार हाडे तिथे एकत्र येतात. नळीच्या टोकावर मधोमध एक उभी धार असते आणि खालच्या हाडावर तिच्या मापाची खाच असते. धार खाचेत बसल्यामुळे हा सांधा पुढे-मागे मोकळा हलतो, पण आडवा जवळजवळ हलत नाही. दोन्ही अंगांना असलेले आखूड, जाड अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, त्याला आणखी आवळून धरतात. त्याच्या खाली पास्टर्नचा सांधा आहे, ज्याची हालचाल फारच थोडी असते, आणि सर्वांत खाली, बहुतांशी खुराच्या आतच, कॉफिनचा सांधा आहे. त्याच्याविषयी कोणा नालबंदाने लिहिले तर अधिक बरे होईल, कारण त्या सांध्याचे भले-बुरे पुष्कळ अंशी त्यांच्या हाती असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गुडघ्याच्या खाली घोड्याला मांसल स्नायू जवळपास नाहीत. पाय वाकवणारे आणि ताठ करणारे स्नायू वर, गुडघ्याच्या आणि कोपराच्या मध्ये असतात आणि त्यांच्या लांब कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, तेवढ्या खाली उतरतात. नळीच्या मागे तीन पदर एकामागे एक असतात. अगदी बाहेर, कातडीलगत, वरवरची वाकवणारी कंडरा असते, जी पास्टर्नच्या पहिल्या आणि दुसऱ्या हाडांच्या दोन्ही बाजूंना जोडली जाते. तिच्या आत खोल वाकवणारी कंडरा असते, जी आणखी खाली जाऊन खुरातल्या हाडाच्या तळाशी चिकटते. सर्वांत आत, नळीला लागून, सस्पेन्सरी अस्थिबंध असतो. हा मुळात एक स्नायूच होता. त्याच्यात अजूनही थोडे स्नायुतंतू सापडतात, पण आता तो मुख्यतः चिवट तंतूंचा पट्टा झाला आहे. नळीच्या वरच्या टोकापासून निघून तो फेटलॉकच्या वर दोन शाखांत विभागतो, प्रत्येक शाखा एका सेसमॉइड हाडाला घट्ट धरते आणि त्या हाडांच्या खालून निघणारे दुसरे अस्थिबंध पास्टर्नच्या हाडांपर्यंत जातात. अशा रीतीने फेटलॉकला मागून आणि खालून एक झोळी लावलेली आहे आणि सेसमॉइड हाडे त्या झोळीच्या मधोमध बसलेली आहेत.

आपल्या रिंगणाच्या शंकेचे उत्तर याच रचनेत आहे. घोडा नुसता उभा असतानाही फेटलॉक सरळ रेषेत नसतो, तो आधीच मागे आणि खाली झुकलेला असतो. भरधाव दौडीत एका पुढच्या पायावर घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार क्षणभर येतो. म्हणजे चारशे किलोच्या घोड्याच्या एका पायावर हजार किलोच्या आसपास. त्या क्षणी फेटलॉक खाली जातो, पास्टर्न जवळपास जमिनीला समांतर होते, कंडरा आणि सस्पेन्सरी ताणले जातात, आणि पाय उचलण्याच्या वेळी तीच साठलेली शक्ती ते परत देतात. त्यामुळे घोड्याला प्रत्येक टापेला स्नायूंची नवी ताकद पूर्ण खर्चावी लागत नाही. माउलींचा अश्व रिंगणात ज्या वेगाने धावतो त्या वेगाला त्याच्या फेटलॉकने खाली जायलाच हवे. चिंता करण्याजोगी स्थिती वेगळी असते: घोडा शांत उभा असताना किंवा सावकाश चालतानाच एका पायाचा फेटलॉक दुसऱ्यापेक्षा खाली बसत असेल, तर झोळीचा कोणतातरी पदर सैल झाला किंवा तुटला आहे असे समजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.

या रचनेची किंमतही आहे. वरवरची कंडरा जोरदार दौडीत तुटण्याच्या मर्यादेच्या बरीच जवळ जाईपर्यंत ताणली जाते. ताणणे आणि आखडणे वारंवार होताना थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने आतच राहते आणि भरधाव दौडीत या कंडरेच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचे मोजले गेले आहे. कंडरेला रक्तपुरवठा बेताचाच असल्याने ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि इजा भरून यायलाही फार काळ लागतो. नऊ महिने ते वर्ष, आणि त्यानंतरही जो भाग भरतो तो मूळ तंतूंइतका लवचीक नसतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत दौड पहाटेच उरकावी आणि नंतर गुडघ्याखाली थंड पाणी सोडावे असे मी सर्वांना सांगतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता आपल्या घोडीची सूज. फेटलॉकच्या मागे दोन वेगवेगळ्या पिशव्या आहेत आणि दोघींतही वंगणासारखा द्रव असतो. एक पिशवी सांध्याची स्वतःची आहे. ती भरली की फुगवटा नळीचे हाड आणि सस्पेन्सरीची शाखा यांच्या मधल्या खळग्यात दिसतो, म्हणजे पुढच्या अंगाला. दुसरी पिशवी वाकवणाऱ्या दोन्ही कंडरांभोवतीच्या आवरणाची आहे. ते आवरण फेटलॉकच्या काही इंच वरपासून सुरू होऊन पास्टर्नच्या मागून खुराच्या दिशेने उतरते. ते भरले की फुगवटा सस्पेन्सरीच्या मागे, म्हणजे सस्पेन्सरी आणि कंडरा यांच्या मध्ये येतो. दोन्ही जागांमध्ये जेमतेम बोटभर अंतर आहे, पण अर्थ वेगळा आहे. पहिल्यात सांध्याची तपासणी करावी लागते, दुसऱ्यात कंडरांची.

हे ओळखण्यासाठी घोडीचा पाय उचलून गुडघ्यात वाकवून धरा. भार गेल्यावर तिन्ही पदर सैल होतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये आधी मागची कंडरा, मग तिच्या आतली, मग सस्पेन्सरी असे एकेक वेगळे चाचपता येते. निरोगी पायात त्यांच्या कडा स्वच्छ लागतात. कुठे जाड गाठ लागली, कुठे दाबल्यावर घोडी दचकली किंवा दोन्ही पायांत फरक जाणवला, तर ती जागा लक्षात ठेवा. त्याच वेळी फेटलॉकच्या मागच्या रेषेकडेही बाजूने पाहा. तिथे कंडरांना आडवा पट्टा बांधलेला असतो. वर-खाली सूज आणि मध्येच दोरी आवळल्यासारखी खाच दिसत असेल, तर तो पट्टा जाड होऊन कंडरांना दाबतो आहे, अशी शंका घ्यावी आणि सोनोग्राफी करून घ्यावी.

आपण सांगितलेली लक्षणे, म्हणजे दोन्ही पायांत सारखी, थंड, न दुखणारी आणि चालल्यावर उतरणारी सूज, ही बहुधा निरुपद्रवी असते. कामाचे आणि तबेल्यात उभे राहण्याचे तास यांचा मेळ बिघडला की ती दिसते. सुई घालून तो द्रव काढू देऊ नका. तो पुन्हा भरतो, आणि बंद पिशवीत जंतू शिरले तर घोडी कायमची जायबंदी होऊ शकते. डाग दिल्याने कातडी जळते. आतली कंडरा त्याने लवकर किंवा चांगली भरून येते असे काळजीपूर्वक केलेल्या तपासण्यांत आढळलेले नाही. सूज एकाच पायात वाढली, गरम लागली किंवा घोडी लंगडली, तर मात्र ही सगळी चर्चा बाजूला ठेवून तपासणी करून घ्या.

नालबंद_पंढरपूर यांचे उत्तर:

डॉक्टरसाहेबांनी कॉफिनच्या सांध्याचा विषय आमच्याकडे सोपवला आहे, म्हणून तेवढेच लिहितो.

पास्टर्नचे दुसरे, आखूड हाड अर्धे खुराच्या वर आणि अर्धे खुराच्या आत असते. त्याच्या खाली खुराच्या आकाराचेच शेवटचे हाड असते आणि या दोहोंच्या मागे नेव्हिक्युलर नावाचे लहान, आडवे, होडीसारखे हाड असते. हा तीन हाडांचा सांधा बाहेरून दिसत नाही. खोल वाकवणारी कंडरा नेव्हिक्युलरच्या खालून वळून शेवटच्या हाडाला चिकटते. त्या वळणावर कंडरा आणि हाड एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये द्रवाची एक लहान पिशवी असते. घोडा खडकाळ माळावर चालतो तेव्हा खुराची एक बाजू दगडावर आणि दुसरी खड्ड्यात असे अनेकदा होते. फेटलॉक आडवा हलत नसल्यामुळे तो थोडा तिरपेपणा मुख्यतः कॉफिनच्या सांध्यालाच सोसावा लागतो.

यातून आमच्या कामाचे दोन नियम निघतात. पहिला असा की, खुराची आतली आणि बाहेरची भिंत सारख्या उंचीची ठेवली पाहिजे. एक बाजू उंच राहिली तर घोडा सपाट डांबरी रस्त्यावरही रोज तिरप्या जमिनीवर चालल्यासारखा चालतो आणि सांध्याच्या एका अंगाचे अस्थिबंध कायम ताणलेले राहतात. दुसरा नियम पुढच्या टोकाचा आणि टाचेचा आहे. घोडा सपाट जागी उभा करून बाजूने पाहिले असता पास्टर्नचा उतार आणि खुराच्या पुढच्या भिंतीचा उतार एकाच रेषेत यायला हवा. टोक लांब वाढले आणि टाच खचली की ती रेषा मागे मोडते. मग पाय उचलताना खूर उलटायला उशीर होतो आणि खोल कंडरेचा ताण नेव्हिक्युलरवर दाबून येतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी नाल झिजून पडेपर्यंत वाट पाहतात, हे मला मनापासून खटकते. खूर महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. नाल शाबूत असला तरी सहा ते आठ आठवड्यांनी तो काढून खूर कापलाच पाहिजे.

आपल्या घोडीची दोन्ही पायांतली सूज पावसाळ्यात सुरू झाली, असे आपण लिहिले आहे. होटगीकडची जमीन काळी असेल तर ओल्या दिवसांत खूर मऊ पडून टाच लवकर पसरते आणि चिखलातून पाय ओढून काढताना मागच्या कंडरांना जास्त काम पडते. तबेल्यात आणि पाण्याच्या जागेपाशी मुरूम टाकून घ्या.

माळरान (सोलापूर):

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे पाय उचलून चाचपले. फुगवटा सस्पेन्सरीच्या मागे, कंडरांच्या बाजूला आहे आणि तो पास्टर्नच्या मागेही थोडा जाणवतो. तिन्ही पदर वेगळे लागतात, कुठे गाठ नाही, मागच्या रेषेत खाचही दिसत नाही. बाजूने पाहिल्यावर मात्र उजव्या पायाची टाच स्पष्टपणे खचलेली दिसली आणि खुराचे टोक पुढे आलेले आहे. नालबंदांना बोलावले आहे.

या निमित्ताने आणखी एक विचारतो. या घोडीचे दीड वर्षाचे शिंगरू आहे. त्याला आताच नाच शिकवायला द्यावे, म्हणजे वरातीच्या कामाला लवकर तयार होईल, असा घरच्यांचा आग्रह आहे. त्याचे सांधे याला तयार आहेत का?

पशुवैद्य_बार्शी यांचे उत्तर:

तयार नाहीत. लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चेची पट्टी असते आणि तिचे हाड होईपर्यंत तो भाग दाबाला कच्चा असतो. नळीच्या खालच्या टोकाची, म्हणजे फेटलॉकजवळची, पट्टी साधारण सहा ते नऊ महिन्यांत मिटते. त्यामुळे दीड वर्षाच्या शिंगराचा फेटलॉक पाहून ते पक्के झाले असा समज होतो. परंतु गुडघ्याच्या लगेच वर असलेल्या हाडाची पट्टी मिटायला दोन ते अडीच वर्षे लागतात, आणि पाठीच्या मणक्यांना त्याहूनही बराच अधिक काळ लागतो. खालून वर अशा क्रमाने घोडा पक्का होतो. गुडघ्याचा एक एक्स-रे काढला तर पट्टी मिटली की नाही हे दिसते. अंदाजाने ठरवण्यापेक्षा तो खर्च करावा.

या वयात त्याला मोकळ्या रानात इतर घोड्यांबरोबर हिंडू द्या. हाड आणि कंडरा यांना वाढीच्या काळात हालचाल हवीच असते. चोवीस तास आखूड दोराने बांधून ठेवलेले शिंगरूही कमजोरच निपजते. हाताने धरून चालवणे, पाय उचलू देण्याची आणि खूर साफ करू देण्याची सवय लावणे, हे आता जरूर करावे. एकाच जागी गोल गोल फिरवणे टाळावे, कारण लहान वर्तुळात आतल्या पायाच्या सांध्यांना पीळ पडतो.

अश्वप्रेमी_मंगळवेढा यांचे उत्तर:

नाचाच्या घोड्यांविषयी मला तळमळीने लिहावेसे वाटते. मातीच्या आखाड्यात शिकवलेले घोडे लग्नसराईत सिमेंटच्या आणि डांबरी रस्त्यावर तासन् तास पाय आपटतात. घट्ट जमिनीवर प्रत्येक आपटणे खुरातून थेट कॉफिनच्या आणि पास्टर्नच्या सांध्याकडे जाते. वर्षानुवर्षे असे काम केलेल्या घोड्यांत पास्टर्नभोवती हाडाचे कडे वाढलेले मी पाहिले आहे. तो फुगवटा मऊ नसतो, दगडासारखा कठीण लागतो आणि एकदा झाला की परत जात नाही. मागच्या पायांवर उभे करण्याच्या खेळात तर सगळे वजन मागच्या दोन फेटलॉकवर आणि त्यांच्या वरच्या हॉकच्या, म्हणजे माणसाच्या घोट्याशी जुळणाऱ्या, सांध्यावर येते. आपण मालक आहात, तेव्हा वरात ठरवतानाच वेळ आणि रस्ता यांची अट घालू शकता. शिंगराला तर तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत या कामाला देऊच नका.

नालबंद_पंढरपूर यांचे उत्तर:

शिंगराचे खूरही आताच तपासून घ्या. नाल मारायची गरज नाही, पण भिंत एका बाजूला झिजत असेल तर महिन्या-दीड महिन्याने कानस फिरवून ती बरोबर करावी लागते. घोडीच्या खचलेल्या टाचेबाबत एक सूचना आहे. नालबंद आले की त्यांना एकाच वेळी टाच फार उंच करायला सांगू नका. टोक मागे घ्यावे आणि नाल टाचेच्या मागे थोडा आधार देईल इतका लांब बसवावा. उताराची रेषा दोन-तीन वेळच्या नालबंदीत हळूहळू जुळू द्यावी, म्हणजे कंडरांना नव्या कोनाची सवय होते. प्रत्येक वेळी खूर कापण्याआधी आणि नंतर बाजूने छायाचित्र काढून ठेवा. सूज उतरते आहे की नाही, हे त्यावरून आपल्यालाही कळेल आणि डॉक्टरांनाही दाखवता येईल.